भुशाच्या शेगडीची परदेशी नात

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव बारा वर्षे अमेरिकेत काढून सहकुटुंब स्वदेशी परतत आहेत आणि येताना सामानासोबत ‘पेलेट-ग्रिल’ नावाची शेगडी आणण्याचा त्यांचा मानस आहे. भगिनी विचारतात, “या शेगडीवर आपले भरीत होईल काय? तिची देखभाल मला या वयात झेपेल काय? आणि तिचे जळण आपल्याकडे मिळेल काय?”

तिन्ही प्रश्न मार्मिक आहेत. परंतु त्यांचा क्रम उलटा हवा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. चुलीचा इतिहास पाहिला तर जळणाचा प्रश्न नेहमी शेवटी विचारला गेला आणि पुष्कळ चांगल्या शेगड्या त्यापायीच माळ्यावर जाऊन पडल्या. त्याविषयी पुढे लिहितोच. तत्पूर्वी ही वस्तू आहे तरी काय, हे समजून घेऊ.

आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याचा डबा, त्याच्या बुडाशी एका बाजूस भोक. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी करावयाची, भोकातून दुसरी आडवी सारावयाची आणि भोवती लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा ठासून भरावयाचा. मग बाटल्या हलक्या हाताने काढून घेतल्या की आत हवेची वाट तयार होई. खालून काडी लावली की तीन-तीन, चार-चार तास एकसारखी आच मिळे. भुसा सैल भरला तर तो मध्येच ढासळे. दमट असला तर सारे घर धुराने भरून जाई. जळण कोरडे हवे, हवेची वाट मोकळी हवी आणि राख वेळच्या वेळी निघावयास हवी, हे त्या शेगडीचे तीन नियम. पेलेट-ग्रिल ही या शेगडीची परदेशात वाढलेली नात समजावी. तिचे राहणीमान निराळे असले तरी घराण्याचे नियम तेच आहेत.

पेलेट म्हणजे दाबून केलेली भुशाची कांडी. फळ्यावर लिहिण्याच्या खडूहून ती बारीक असते. जाडी सहा ते आठ मिलिमीटर, लांबी बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढी. लाकडाचा भुसा किंवा शेतातील काडीकचरा वाळवून दळतात आणि पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने पुढे रेटतात. त्या दाबाने व उष्णतेने लाकडात मुळातच असलेले लिग्निन नावाचे द्रव्य मऊ पडते आणि थंड होताना तेच डिंकासारखे काम करते. म्हणून चांगल्या कांडीत वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. ती तोडली तर कट्कन तुटते, तिचा पृष्ठभाग तुकतुकीत असतो आणि तिच्यातील ओलावा शेकडा दहाच्या आत असतो. हीच कांडी पाण्याचा स्पर्श होताच फुगते आणि पाहता पाहता तिचा पुन्हा भुसा होतो.

अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर घरे उबदार ठेवण्यासाठी पेलेटच्या शेगड्या प्रचारात आल्या. १९८० च्या दशकात ओरेगन राज्यातील माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी हेच जळण स्वयंपाकाकडे वळवले. त्यांच्या पेटंटची मुदत २००६ मध्ये संपल्यावर इतर अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि हे ग्रिल तिकडच्या परसदारी सर्रास दिसू लागले.

त्याची रचना अवघड नाही. एका बाजूस कांड्या भरण्याचे खोके असते. त्याच्या तळाशी पिठाच्या गिरणीत असतो तसा एक फिरता मळसूत्री दांडा असतो. तो मोजक्या कांड्या पुढे ढकलून एका लहानशा पोलादी वाटीत पाडतो. हीच अग्निवाटी. तिच्यातील विजेची कांब तापून लाल झाली की कांड्या पेट घेतात आणि छोटा पंखा त्यांना वारा घालतो. आपल्या आज्या फुंकणीने जे करीत, ते काम आता पंख्याकडे आले. अग्निवाटीवर पत्र्याचे आच्छादन, त्यावर तेल-तूप ओघळून जाण्यासाठी उतरते तबक आणि सर्वांत वर अन्न ठेवण्याची जाळी, असे मजले असतात. आत किती उष्णता आहे हे मापक पाहतो व त्याप्रमाणे दांडा मंद किंवा जलद फिरवतो. म्हणजे अन्नाला ज्वाला लागत नाही. झाकणाखाली फिरणारी तप्त हवा आणि थोडा धूर यांवर ते शिजते. मंद आचेवर तासाला साधारण अर्धा किलो कांड्या लागतात, प्रखर आचेवर एक किलोच्या वर.

आता नवशिक्याने पहिल्या दिवशी काय करावे?

सर्वप्रथम विजेचा आकडा वाचावा. अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडचे ग्रिल इकडच्या भिंतीत थेट खुपसले तर मापक आणि पंखा एका क्षणात निकामी होतील. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो जाणत्या वीजतंत्र्याकडूनच बसवून घ्यावा. पेटवताना पहिली काही मिनिटे दोनशे ते तीनशे वॉट वीज लागते. पुढे पंखा आणि दांडा यांना फारच थोडी पुरते.

दुसरी गोष्ट जागेची. ही शेगडी उघड्यावरच पेटवावी. परसात किंवा मोकळ्या अंगणात, भिंतीपासून हातभर तरी दूर आणि वर काही लोंबत नाही अशा ठिकाणी. स्वयंपाकघर, बंद गॅलरी, जिन्याखालची जागा ही सर्व वर्ज्य. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो माणसाला झोपेतच गाठतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दारे लावून निजलेल्यांच्या दुःखद वार्ता आपण दर हिवाळ्यात वाचतो. पेलेट दिसावयास कितीही स्वच्छ असले तरी या बाबतीत ते कोळशाचेच भावंड आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे नवे ग्रिल अन्नाशिवाय एकदा तापवून घेणे. नव्या बिडाच्या तव्यावर पहिली भाकरी आपण माणसांना वाढत नाही, त्यातलाच हा प्रकार. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानावर पाऊण तास ते तासभर ते तापू द्यावे. कारखान्यातील तेलाचा अंश जळून जातो. पेटवताना झाकण उघडे ठेवावे की बंद, हे प्रत्येक बनावटीत निराळे असते. पुस्तिका वाचल्याखेरीज हात घालू नये.

आणि चौथी, विझवण्याची. काम झाले म्हणून बटण दाबून लगेच तार उपटण्याची घाई करू नये. विझवण्याची कळ फिरवल्यावर पंखा काही मिनिटे चालूच राहतो आणि वाटीतील उरलेल्या कांड्या जाळून टाकतो. तार आधीच उपटली तर धगधगत्या कांड्या तशाच राहतात आणि विस्तव मळसूत्राच्या वाटेने मागे, थेट खोक्याकडे सरकू शकतो.

आपल्याकडे ही तार दुसरेच कोणी उपटते आणि त्याचे नाव वीजकपात. वीज गेली की पंखा थांबतो, आच मरते आणि वाटीत अर्धवट जळालेल्या कांड्या साचतात. वीज परत आल्यावर लगेच कळ दाबली तर त्या ढिगाऱ्यावर आणखी कांड्या पडतात. दाट पांढरा धूर कोंडतो आणि एकाएकी भडका उडण्याचा धोका असतो. अशा वेळी सर्व थंड होऊ द्यावे, जाळी व आच्छादन काढून अग्निवाटी रिकामी करावी आणि मगच पहिल्यापासून पेटवावे. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याची क्षमता आधी तपासून घ्यावी.

देखभालीचे सारे शास्त्र राखेत आहे. अग्निवाटीला हवेसाठी लहान लहान छिद्रे असतात. राखेने ती बुजली की आच मंदावते, धूर वाढतो आणि शेगडी पेटतच नाही. ‘यंत्र बिघडले’ अशा ज्या तक्रारी नवशिके करतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ एवढेच असते. भगिनींना झेपेल असा परिपाठ मी येथे देतो. शाळेतील वेळापत्रकाप्रमाणे तो भिंतीवर लावून ठेवावा.

दर वेळी: जाळी कोमट असतानाच घासणीने साफ करावी; तेलाचे तबक व त्याखालची लहान बादली पाहावी. तबकात साचलेले तेल पुढच्या खेपेस पेट घेते. तसे झालेच तर पाणी मुळीच ओतू नये. झाकण बंद ठेवून, शेगडी बंद करून आग गुदमरू द्यावी.

दर तीन-चार खेपांनी: शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, अग्निवाटीतील व तळाची राख काढावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, हे चुलीवर रांधलेल्या कोणालाही सांगावयास नको. म्हणून राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा केराच्या पिशवीत न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी.

महिन्यातून एकदा: उष्णता मोजणारी आतली सळई ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्यावर काजळी धरली की मापक चुकीचा आकडा दाखवतो. खोक्याच्या तळाशी साचलेला भुसा काढून टाकावा. तोच दांड्यात अडकतो.

पावसाळ्यापूर्वी: खोके पूर्ण रिकामे करावे. आषाढातील दमट हवेत खोक्यात राहिलेल्या कांड्या फुगतात आणि मळसूत्रात सिमेंटसारख्या घट्ट बसतात. मग दांडा सोडवण्यास यंत्रज्ञ बोलवावा लागतो. कांड्यांची पोती जमिनीला वा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळीवर, झाकणाच्या पिंपात ठेवावीत. आमच्या गावच्या एका भोजनालयात भिंतीला टेकवलेले पोते श्रावणात उघडले, तेव्हा आतून कांड्यांऐवजी ओला भुसा निघालेला मी पाहिला आहे. मृगापूर्वी गोवऱ्या आणि सरपण आत घेण्याची जी लगबग आपल्या घरांतून चाले, तीच येथेही लागते.

आता भरीत. हा विषय निघाला की आम्हा खानदेशी मंडळींना राहवत नाही. बुऱ्हाणपूर राजकीय नकाशावर मध्य प्रदेशात असले तरी फारुकी राजांच्या काळापासून खानदेशाचे हे मुख्य नगर. जिभेने आम्ही अजून तेथेच आहोत. हिवाळा लागला की जळगाव-यावल भागातील फिकट हिरवी, भली थोरली वांगी बाजारात येतात. या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शेतात पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवून त्यांच्या भडक्यात ती भाजावयाची, साल काढून लाकडी बडगीत ठेचावयाची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून फोडणी द्यावयाची आणि सोबत कळण्याची भाकरी. या भरिताचा प्राण त्या भडक्यात आहे. साल करपते, आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो आणि जळक्या सालीचा वास गरात उतरतो.

पेलेट-ग्रिलमध्ये ज्वाला अन्नापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तेथे वांगे भाजले जाते, पण करपत नाही. तरीही उपाय आहे. वांग्याला तेलाचा हात लावून काट्याने टोचे मारावेत, अन्यथा ते फुटते. प्रथम अर्धा तास ११० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे, कारण या शेगडीत मंद आचेवरच धूर अधिक मिळतो. नंतर तापमान २२० ते २३० अंशांपर्यंत चढवून, मधूनमधून उलटून, वांगे पूर्ण मऊ पडेपर्यंत भाजावे. मोठ्या वांग्याला आणखी पाऊण तास सहज लागतो. शेवटी पाहिजे तर गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटे साल करपवावी. चव चांगली येते, परंतु ती पऱ्हाटीची चव नव्हे. मक्याची कणसे, रताळी, पनीर, कोंबडी, मासळी यांना मात्र ही शेगडी फार मानवते.

मग कुणाच्या मनात येईल की पऱ्हाटीच्याच कांड्या करून जाळल्या तर? आमच्या भागात कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर पडतात आणि पुष्कळदा तेथेच पेटवून दिले जातात. त्यांपासून कांड्या व विटा बनवता येतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आपल्या नागपूर येथील केंद्राच्या साहाय्याने त्यावर काम केले आहे. परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ज्या शेगडीवर भांडे ठेवून स्वयंपाक होतो, तिला अशा कांड्या चालतात. ग्रिलमध्ये धूर सरळ अन्नाला लागतो. कपाशीवर फवारण्या किती होतात हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. शेतातल्या भरितात निदान वांग्याची साल टाकून दिली जाते. शिवाय पऱ्हाटीच्या कांडीची राख चांगल्या लाकडी कांडीच्या कित्येक पट पडते आणि अग्निवाटी लवकर तुंबते. केळीचे खांब तर आमच्याकडे डोंगराएवढे निघतात, पण त्यांत शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच असते. ते वाळवण्यातच सारा लाभ जातो. तेव्हा ग्रिलसाठी केवळ शुद्ध लाकडाच्या, खाद्य वापरासाठी बनवलेल्या कांड्याच घ्याव्यात. प्लायवूड, रंगवलेले फर्निचर यांच्या भुशाच्या कांड्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. त्यांतील सरस आणि रंग धुरावाटे ताटात येतात.

आणि येथेच आपण त्या शेवटच्या, म्हणजे खऱ्या पहिल्या प्रश्नापाशी येतो. हे जळण मिळेल काय, आणि दर महिन्याला मिळेल काय?

चूल सुधारण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी मगन चूल घडवली. पुढे १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ पर्यंत चालला. या चुली मातीच्या होत्या. त्यांना घरचेच सरपण चाले. पेलेटची गोष्ट निराळी. २००६ मध्ये बीपी या तेल कंपनीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने ‘ऊर्जा’ नावाची पेलेटवर चालणारी, पंख्याची छोटी शेगडी बाजारात आणली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. महाराष्ट्र-कर्नाटकातील लाखो घरांत ती गेली. धूर कमी, आच चांगली, भांडी काळी होत नाहीत, म्हणून गृहिणींनी तिचे स्वागत केले. परंतु तिला कंपनीच्याच कांड्या लागत. त्याच शेतकचऱ्यावर कारखान्यांचीही नजर गेली, कच्चा माल महागला, कांड्यांचा भाव चढला, पुरवठा अनियमित झाला. काही वर्षांतच बहुतेक घरांतील या शेगड्या थंड पडल्या आणि कंपनीने आपला रोख हॉटेले व खाणावळींकडे वळवला. शेगडीत दोष नव्हता असे नाही. पण तिला मुख्यतः जळणाने दगा दिला. ज्या बाईने तिच्या भरवशावर चूल मोडली असेल, तिला ती पुन्हा घालावी लागली, आणि पुन्हा तोच धूर.

आज कांड्यांचे उत्पादन वाढले आहे हे खरे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांत कोळशासोबत शेतकचऱ्याच्या कांड्या जाळण्याचे धोरण आखले, त्यामुळे कारखाने उभे राहिले. पण तो माल भट्ट्यांसाठी असतो. खाद्य वापराच्या लाकडी कांड्या अजून मोजक्याच विक्रेत्यांकडे मिळतात आणि त्यांचा भाव पाहता रोजची भाकरी त्यांवर भाजणे परवडणार नाही.

म्हणून भगिनींना माझे सांगणे असे. चिरंजिवांनी ग्रिल जहाजावर चढवण्यापूर्वी इंदुरात बसून दोन कामे करावीत. खाद्य वापराच्या कांड्या देणारा विक्रेता शोधून, वर्षभर पुरवठा होईल काय, किलोचा भाव काय, हे लेखी विचारावे. नमुन्याची एक पिशवी आणवून एक कांडी पाण्यात टाकावी आणि एक मोडून पाहावी. दुसरे, व्होल्टचा प्रश्न आणि सुट्या भागांचा प्रश्न कंपनीलाच विचारावा. अग्निवाटीतील तापणारी कांब ही झिजणारी वस्तू आहे, ती येथे मिळाली नाही तर एवढे मोठे यंत्र एका कांबीवाचून अडेल. दोन्ही उत्तरे समाधानकारक आली तर खुशाल आणावे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी नातवंडांसह अंगणात बसून कणसे भाजण्याचे सुख लहान नाही, आणि राख काढण्याची सवय तर आपल्या पिढीच्या हाताला आहेच. उत्तरे आली नाहीत तर ते ग्रिल तिकडेच एखाद्या स्नेह्याला द्यावे आणि भरितासाठी हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतावर जावे. रोजच्या स्वयंपाकाचा गॅस मात्र दोन्ही परिस्थितींत सोडू नये.

राखेचा उल्लेख वर आलाच आहे. शुद्ध लाकडाची राख भांड्यांना, बागेला आणि साठवणीच्या कडधान्यांना कशी वापरावी, याविषयी पुढील अंकी लिहीन. वाचक भगिनींनी आपापल्या घरची रीत कळवल्यास तिचाही त्यात समावेश करता येईल.